मशीनमध्ये राहिलेली ओळ

पितृपंधरवड्यातला शनिवार, सकाळ. ठिकाण : नवीन पनवेलमधला तळमजल्याचा एक फ्लॅट, दर्शनी खोली. हजर : कर्णिक काकू, वधूवर सूचक मंडळाच्या संचालिका, कर्णिक काका, विजेच्या खात्यातून निवृत्त, मेघना, मंडळात नाव नोंदवलेली मुलगी, आणि मी, या घरातल्या कॉम्प्युटरची देखभाल करणारी. गैरहजर : ज्याच्यासाठी आम्ही जमलो होतो तो कॉम्प्युटर.

हजेरी घेतल्याशिवाय मला कुठलंच काम सुरू करता येत नाही. लोक हसतात. हसू देत. कोण होतं, काय बोलणं झालं आणि कोणी काय करायचं ठरलं, हे लिहून ठेवलं नाही तर पुढच्या भेटीत सगळे एका सुरात सांगतात, "मॅडम, तुम्ही हे बोललाच नव्हता."

जुन्या पनवेलमध्ये माझं छोटं दुकान आहे. दुकानात विकायला काही नाही. मी लोकांच्या कचेऱ्यांतले, दवाखान्यांतले, क्लासमधले कॉम्प्युटर सांभाळते. वर्षाचा करार करायचा, ठरल्या दिवशी जायचं, धूळ काढायची, बिघाड दुरुस्त करायचा आणि आतली माहिती बाहेर जाणार नाही असं बघायचं. धूळ काढली की लोक आभार मानतात. माहितीचं काही बोलले की घड्याळाकडे बघतात.

यंत्रांचा मला कधी राग आला नाही. यंत्र बिचारं सांगितलं तेवढं करतं. राग येतो तो "आमच्याकडे सगळं एकदम सेफ आहे" म्हणणाऱ्यांचा. विचुंब्याला इमारती बांधणाऱ्या एका गृहस्थांनी जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी हातोडा मागवला आणि माझ्यादेखत पडदा फोडला. "घ्या! आता कोण वाचतंय बघू." पडदा म्हणजे नुसती काच. त्यांचे सगळे व्यवहार खालच्या डब्यात होते, आणि तो डबा त्यांनी फडक्यात गुंडाळून भंगारवाल्याच्या टेम्पोत ठेवला. वर "सांभाळून ने रे" असंही सांगितलं. मी डबा उतरवून घेतला तेव्हा, जणू मीच चोर, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसरे एक डॉक्टर. ते पेशंटच्या फाईलींची चित्रं पडद्याच्या एका कोपऱ्यात ढकलून त्यांच्यावर घड्याळाचं मोठं चित्र ठेवत. दिसत नाहीत म्हणजे नाहीत. याला ते "डिलीट करणे" म्हणत.

पण या सगळ्यांत कर्णिक काकूंचा नंबर वरचा, कारण त्यांनी खरोखर काळजी घेतली होती. निष्काळजी माणसाला रागावता येतं. काळजी घेतल्याचा अभिमान असलेल्या माणसापुढे काही चालत नाही.

काकूंची व्यवस्था अशी. मंडळातल्या प्रत्येक मुलामुलीची फाईल एका पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्हला पासवर्ड. पेनड्राइव्ह देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या मागे. काम असेल तेव्हा हात धुऊन काढायचा, मशीनला लावायचा, काम झालं की पुन्हा बाळकृष्णाच्या मागे. मशीनवर एकही फाईल ठेवायची नाही. प्रत्येक फाईलच्या शेवटी "खाजगी" असा एक रकाना. बायोडाटात जे लिहीत नाहीत ते सगळं त्यात : आधी मोडलेलं लग्न, आजार, भावाभावांचा दावा, पगार सांगितला किती आणि खरा किती. हे काकूंना लोक आपणहून सांगतात. काकूंचा चेहराच तसा आहे, आणि पोहेही चांगले करतात.

"मशीनमध्ये काही नाहीच, तर चोरणार काय?" काकू मला दर भेटीत विचारत.

या प्रश्नाचं उत्तर मी इतक्यांदा दिलंय की आता ते पोळ्या लाटता लाटता देता येतं. कॉम्प्युटरवर तुम्ही जे उघडता ते त्याच्या ओट्यावर येतं. ओटा म्हणजे त्याची चालू स्मृती. वीज गेली की हा ओटा आपोआप साफ होतो. पण ओटा लहान आणि पसारा मोठा. एकीकडे पत्रिका जुळवायचा प्रोग्रॅम, एकीकडे मुलांचे फोटो, एकीकडे काकूंची भजनं. जागा पुरेनाशी झाली की आपण काय करतो? एखादं पातेलं उचलून फ्रीजवर ठेवतो. कॉम्प्युटरही तेच करतो. आत्ता न लागणारा मजकूर उचलून डिस्कवर, मुद्दाम राखून ठेवलेल्या जागेत टाकतो, आणि लागला की परत ओढतो. याला व्हर्च्युअल मेमरी म्हणतात. आभासी स्मृती. नाव आभासी असलं तरी तिथे पडलेला मजकूर खराखुरा असतो, आणि वीज गेली तरी जागचा हलत नाही.

तुम्ही फाईल मशीनवर ठेवली की नाही, पेनड्राइव्हला पासवर्ड होता की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. वाचायला उघडलीत म्हणजे कुलूप तुम्हीच काढलंत. त्या उघड्या अवस्थेतलं पान त्याने फ्रीजवर ठेवलं. मग तुम्ही ओटा लख्ख केलात, पेनड्राइव्ह देवामागे नेलात, नमस्कारही केलात. पातेलं फ्रीजवरच.

यावर दोन उपाय आहेत. चांगला उपाय म्हणजे सगळी डिस्कच कुलूपबंद करणं. मग फ्रीजवर काहीही राहिलं तरी परक्याला ते वाचता येत नाही. पण त्यासाठी मशीन सुरू करताना एक पासवर्ड लागतो. काकूंनी साफ नकार दिला. "देव्हाऱ्याची किल्ली सांभाळू, पेनड्राइव्हचा पासवर्ड सांभाळू, आणि आता हा तिसरा? मी स्थळं बघू का पाठांतर करू?" राहिला दुसरा उपाय. मशीन बंद करताना त्याने ती राखीव जागा स्वतःच पुसून काढावी, अशी त्याला सूचना देऊन ठेवायची. ती मी दिली. त्यात एक गैरसोय आहे. पुसायला वेळ लागतो, त्यामुळे मशीन बंद व्हायला चहा उकळेपर्यंत तरी थांबावं लागतं. मी मोठ्या अक्षरात छापलेला कागद भिंतीला चिकटवला : "आधी शट डाउन. पडदा पूर्ण काळा होईपर्यंत थांबणे. मगच बटण." काकूंनी तो मोठ्याने वाचला, काकांनी अक्षर छान आलंय म्हणून सांगितलं, आणि मी माझ्या यादीत त्या कामापुढे खूण केली.

आता तो शनिवार. पितृपंधरवड्यात कोणी स्थळं बघत नाही, म्हणजे काकूंच्या धंद्याची सुट्टी. नवा कॉम्प्युटर गणपतीच्या आधीच आला होता. जुना मी घेऊन जाणार होते, डिस्क पुसून परत देणार होते, तोवर कुणाला द्यायचा नाही असं बजावलंही होतं. त्या सकाळी मी न्यायला गेले तर टेबलाखाली त्याच्या आकाराचा धुळीचा चौकोन होता, आणि खुर्चीवर मेघना बसली होती.

मेघना शाळेत गणित शिकवते. आईवडिलांबरोबर विचुंब्याच्या नव्या इमारतींत राहते. काकूंनी तिचं लग्न कळंबोलीच्या नीलेशशी जुळवत आणलं होतं. तो लोखंड बाजारातल्या एका कचेरीत हिशेब बघतो. दोघं एकमेकांना आवडले होते, साखरपुडा दसऱ्यानंतर धरायचा असं बोलणं झालं होतं.

"मशीन कुठे आहे?" मी विचारलं.

"अगं, गौरीच्या हळदीकुंकवाला यमुनाबाई आल्या होत्या. नीलेशच्या आई," काकू म्हणाल्या. "धाकट्या दिनेशला कॉम्प्युटर हवाय म्हणाल्या. आता नातंच जुळतंय. ओटी भरली आणि म्हटलं, घेऊन जा."

"पुसल्याशिवाय?"

"ह्यांनी पुसला की. ओल्या फडक्याने."

काकांनी मान डोलावली. मी पाणी मागितलं.

मग मेघना बोलली. आदल्या दिवशी ती नीलेशच्या घरी गेली होती. कोपऱ्यात कॉम्प्युटर होता. काकूंनी मागच्या दसऱ्याला लावलेली हळदीकुंकवाची बोटं डब्यावर अजून तशीच होती, म्हणून तिने तो लगेच ओळखला. दिनेश मोबाईल दुरुस्तीची टपरी चालवतो आणि पुसलेले फोटो परत काढून देतो अशी पाटी लावतो. तो हसत तिला म्हणाला, "वहिनी, काकूंच्या ह्या मशीनमधनं जुनं सगळं काढतोय. फोटो झाले, उद्या तुमचं नाव टाकून शोधणार. तुमच्यासाठी आमच्या आधी कोण कोण सांगून आलं होतं ते बघू की!"

"मग?"

"मग सगळे हसले. मीपण हसले." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मॅडम, मी याच मशीनपुढे बसून काकूंना सांगितलं होतं. मला लहानपणापासून फिट येत असे. कॉलेजनंतर आलेली नाही, पण गोळ्या चालू आहेत. मी उद्या नीलेशला हे सांगणार आहे. तसं ठरवलंय. मला ते माझ्या तोंडाने सांगायचंय. आज दिनेशने सगळ्यांसमोर वाचून दाखवलं तर मी लपवलं असंच होणार ना?"

"घाई कशाला म्हणते मी," काकू म्हणाल्या. "साखरपुडा होऊ दे. चांगलं चाललंय ते—"

"काकू," मेघना म्हणाली, "तुम्ही थांबा."

काकूंना त्यांच्या खोलीत कुणी थांबवल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

"मेघनाताई, काळजी करू नका," मी म्हणाले. "उघडलेल्या फाईलींचा मजकूर डिस्कवर मागे राहतो, पण त्या राखीव जागेची साफसफाई रोज होत होती. रोज नीट बंद करत होतात ना, काकू?"

"ते ह्यांचं खातं."

काका खुर्चीत ताठ बसले. "वंदनाताई, मी आयुष्य विजेत काढलंय. आपल्याकडे नियम म्हणजे नियम. संध्याकाळी देवाला दिवा लागला की या खोलीतलं प्रत्येक बटण बोर्डावरून बंद. पंखा, ट्यूब, कॉम्प्युटर, सगळं. वीज चालू ठेवून खोली सोडायची नाही."

"आणि त्याआधी शट डाउन?"

"बटणच बंद केल्यावर शट डाउन आणखी काय करायचं? शिवाय ते फार वेळ घेतं. बटण बंद केल्यावरही मशीन चालू ठेवणारा तो तुमचा बॅटरीचा डबा पीं पीं करायचा, तोही मी काढून ठेवला माळ्यावर."

मी भिंतीकडे पाहिलं. माझा कागद जागेवर होता. त्याच्यावर कालनिर्णयाच्या आकाराचं बँकेचं कॅलेंडर टांगलेलं होतं.

म्हणजे ती राखीव जागा पुसून काढण्याची सूचना एकदाही अमलात आली नव्हती. फ्रीजवरची पातेली आवरायला जावं आणि कोणी हाताला धरून बाहेर काढावं, तशी रोज संध्याकाळी काका त्याची वीज तोडत. फ्रीजवरच्या पातेल्यांवर पातेली चढत गेली होती. काकूंनी जितक्यांदा फाईली उघडल्या, तितक्यांदा त्यांतला काही ना काही मजकूर त्या डिस्कवर सांडून राहिला होता. वर दिवा लागला होता आणि देवाच्या मागे पेनड्राइव्ह अगदी सुरक्षित होता.

रागावायला वेळ नव्हता. मी कामं वाटली. मेघनाने माझ्या दुकानात जाऊन बसायचं. काकूंनी कुणालाही फोन करायचा नाही. हे मी दोनदा सांगितलं. काका माझ्याबरोबर येतील, कारण दिलेलं मशीन त्यांच्याच हातचं. मी पिशवीत स्क्रू ड्रायव्हर आणि दुरुस्तीच्या वेळी कामाला येते ती एक वापरलेली, पुसलेली डिस्क टाकली, आणि आम्ही रिक्षाने कळंबोलीला गेलो. वाटेत काकांनी मला समजावलं की हल्लीची यंत्रं नाजूक फार, आमच्या वेळचे मीटर बघायला हवे होते.

यमुनाबाईंनी दारातच हसून स्वागत केलं. मूळच्या खाडीकाठच्या गावच्या. मिठागरं गेली, जागा गेल्या, घर कळंबोलीला आलं, बोली मात्र गावचीच राहिली.

"या काका, या. आन् या कोन?"

"कॉम्प्युटरवाल्या मॅडम," काका म्हणाले.

मशीन दर्शनी खोलीतच होतं. दिनेश स्टुलावर बसून बडीशेप चघळत होता. पडद्यावर वरच्या चौकोनात "मेघना" असं टाइप केलेलं दिसत होतं आणि खाली एकेक ओळ वाढत होती. बहुतेक ओळी नुसते चौकोन आणि खुणा. मधूनच एखादा मराठी शब्द तुटून आलेला. दिनेश अजून काही उघडून बघत नव्हता. शोध पूर्ण व्हायची वाट बघत होता. मी पडद्याच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले. माझा बांधा अशा कामाला बरा आहे.

"काकूंनी मशीन चुकून डिस्कसकट दिलंय," मी म्हणाले. "डब्याला हात लावत नाही, तो तुमचाच. फक्त आतली डिस्क नेते आणि दुसरी बसवून देते."

यमुनाबाईंचं हसू मावळलं. "गवरीच्या ओटीची वस्तू हाय ती. ओटीतलं परत नेतात काय कोन?"

"बदल्यात दुसरी देते ना."

"पितृपाखात नवीन वस्तू घरान नाय घेत आमी."

"नवी नाही हो. जुनीच आहे. चांगली वापरलेली." ग्राहकाला हे वाक्य इतक्या अभिमानाने मी आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं.

"मॅडम, पण चालू आहे ते," दिनेश मान वाकडी करून माझ्या बाजूने डोकावत म्हणाला. "जरा सरका की. होत आलंय. झालं की न्या."

"दिन्या, त्यांना बसू तरी दे," यमुनाबाई म्हणाल्या. "चला, आतल्या खोलीन चला, च्या ठेवलाय."

मला हलता येईना. मी हलले तर पडदा मोकळा. काका मात्र चहा म्हणताच उठले. दारापाशी गेले, थांबले, आणि चाळीस घरांत चाळीस वेळा केल्यासारखं, न बघता, बोर्डावरची सगळी बटणं एका तळहाताने खाली केली. पंखा थांबला. ट्यूब गेली. पडदा काळा झाला.

"अहो काका!" दिनेश ओरडला. "सगळं गेलं! सकाळपासनं चालू होतं ते!"

"खोलीत माणूस नसताना वीज कशाला?" काका म्हणाले.

"मी हाय ना खोलीत!"

"तूपण चहाला येणार ना?"

ज्या सवयीने घोळ घातला होता तिनेच तो थांबवला, याचं श्रेय मी काकांना अजून दिलेलं नाही. देणारही नाही. ते भिंतीवर लावतील.

मी स्क्रू ड्रायव्हर काढला. दिनेशने डब्यावर हात ठेवला. "एवढं काय आहे हो मॅडम ह्याच्यात?"

"लोकांची खाजगी माहिती. काकूंकडे नाव नोंदवलेल्या प्रत्येकाची," मी म्हणाले. "तुमच्या नीलेशची फाईलही त्यांच्याकडेच होती. आईने काकूंना जे काही विश्वासाने सांगितलं असेल तेही असणार. तुम्ही वहिनींचं नाव टाकलंत. उद्या तुमचा एखादा मित्र नीलेशचं टाकेल."

यमुनाबाई दारात वळल्या. त्यांनी काकूंना काय सांगितलं होतं ते मला माहीत नाही आणि जाणून घ्यायचंही नाही. पण त्यांचा चेहरा क्षणात बदलला.

"दिन्या, हात काड. नेऊ दे त्यांना."

"अगो पण आई, तूच म्हणालीस ओटीतलं—"

"डबा ऱ्हातोय ना? मंग ओटी ऱ्हायली. काड हात."

दुसऱ्याचं उघडं पडताना गंमत वाटते. आपलंही त्याच डिस्कवर आहे म्हटलं की माणसं लगेच शहाणी होतात. ही गोष्ट मी कचेऱ्यांमध्ये तक्ते दाखवून सांगत बसते. यमुनाबाईंना चहा गार व्हायच्या आत कळली.

दुकानात मेघना वाट बघत होती. मी डिस्क माझ्या यंत्राला लावली. ओळीने सगळी जागा निरर्थक आकड्यांनी भरून टाकायची, म्हणजे खालचं काही उरत नाही. मी सुरू करणार तोच तिने विचारलं, "त्याआधी मला बघता येईल? काकूंनी काय लिहिलंय ते?"

मी असं कधी करत नाही. दुसऱ्याचं वाचत नाही, ग्राहकाला वाचू देत नाही. पण हे तिचंच होतं. मी शोध लावला, खुर्ची तिच्याकडे दिली आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले.

"मॅडम," थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुम्हीपण वाचा."

एकच मजकूर जागोजागी पुन्हा पुन्हा होता, कुठे अर्धा, कुठे पूर्ण. "फिट्स. गोळ्या चालू. मुलाकडे तूर्त सांगू नये. मुलीचीही तशीच इच्छा."

"शेवटची ओळ," ती म्हणाली. "मी असं म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं होतं, पहिल्या भेटीतच सांगते. काकू म्हणाल्या, तू नको बोलू, मी योग्य वेळी सांगते. आणि लिहिलं हे." ती आवाज चढवून बोलली नाही. शाळेतल्या मुलाचं चुकलेलं गणित दाखवावं तशी पडद्यावर बोट ठेवून बसली. "दिनेशने हे वाचलं असतं, तर माझं ऐकलं असतं कोणी?"

पंधरा मिनिटांपूर्वीपर्यंत मला वाटत होतं की आपण एक आजार लपलेला ठेवायला धावलो. खरं तर धावलो होतो ते एक खोटं थांबवायला. यंत्राला दोन्ही सारखंच. त्याने इमानेइतबारे उतरवून ठेवलं होतं.

डिस्क पुसून झाली. मी तिला पुन्हा शोध लावून दाखवला. काही आलं नाही. ती रिकाम्या पडद्याकडे बघत म्हणाली, "इतकं सोपं होतं?" सोपं होतं. करायचं होतं फक्त.

दुसऱ्या दिवशी तिने नीलेशला सांगितलं. तळ्याकाठच्या बाकावर, असं तिने मला नंतर सांगितलं. नीलेशने आधी विचारलं की काकूंना हे माहीत होतं का. तिने हो म्हटल्यावर तो काकूंवर चिडला, तिच्यावर नाही. तिने तिथेच न थांबता घरी जाऊन यमुनाबाईंनाही सांगितलं. यमुनाबाईंनी गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. "येलेवर घेतंस ना गोली? मंग झालं. आदी सांगलंस ते बरं केलंस. मागून कललं असतं तर मीच घरान घेतलं नसतं." हे त्या मनापासून बोलल्या, आणि तसंच केलंही असतं याबद्दल मला शंका नाही.

माघात लग्न झालं. काकूंच्या दर्शनी भिंतीवर आता त्या जोडप्याचा मोठा फोटो आहे, आणि मंडळाच्या पत्रकावर नवीन ओळ : "विश्वास आणि पारदर्शकता हीच आमची ओळख." पत्रक छापायच्या आधी शुद्धलेखन तपासायला माझ्याकडेच आलं होतं. शुद्धलेखन बरोबर होतं.

बाकीची कामं मी एकेक करून संपवली. नव्या मशीनची डिस्क कुलूपबंद केली, आणि तिसरा पासवर्ड काकूंना पाठ करायला लावला. तो त्यांनी भजनाच्या चालीत बसवलाय. माळ्यावरचा बॅटरीचा डबा खाली आला. बोर्डावरच्या कॉम्प्युटरच्या बटणावर मी पत्र्याची छोटी झडप स्क्रूने बसवली. काका रोज तिच्याकडे अपमान झाल्यासारखे बघतात, पण ती उघडायला स्क्रू ड्रायव्हर लागतो आणि त्यांचा स्क्रू ड्रायव्हर मी नेलाय.

एक काम राहिलंय. पेनड्राइव्हवरच्या मूळ फाईलमधली ती शेवटची ओळ. ती मी काढू शकत नाही. पासवर्ड काकूंचा, किल्ली काकूंची, आणि खोटंही त्यांचंच. मेघनाने एवढं एकच मागितलंय. लग्न झालं, सगळ्यांना सगळं कळलं, तरी तिला ती ओळ तिथे नकोय. वर्ष झालं, मी दर भेटीला काकूंना विचारते. कधी पितृपंधरवडा असतो आणि अशा गोष्टींना हात लावायचा नसतो. कधी सोयर असतं. कधी "रेकॉर्ड आहे गं ते, रेकॉर्ड कशाला खोडायचं?" असतं.

कालही गेले होते. नवरात्र चालू आहे.

"आत्ता कसं गं?" काकू म्हणाल्या. "देव घटी बसलेत. दसऱ्यापर्यंत हलवायचे नसतात. पेनड्राइव्ह बाळकृष्णाच्या मागे आहे."

तेवढ्यात बेल वाजली. पेणहून एक आई मुलीचा फोटो घेऊन आली होती. काकूंनी तिला पाणी दिलं, हात धुतले, देव्हाऱ्यात हात घातला, बाळकृष्णाला जराही धक्का न लावता पेनड्राइव्ह अलगद बाहेर काढला आणि मशीनला लावला.

मी माझ्या यादीत त्या कामापुढे "बाकी" लिहिलं आणि पोहे नको म्हणून सांगितलं.